जेवणासकट

माथेरानला घोडी उदंड, पण आमच्या सहलीचं घोडं पेंड खातं ते जेवणापाशी. कुठे जायचं हे चहा संपायच्या आत ठरतं. खोल्या किती, जादा गादी मिळेल का, खिडकीला माकडांसाठी जाळी आहे का, हेही ठरतं. मग हॉटेलचा बुकिंगवाला फोनवर सहज विचारतो, "सीपी, एमएपी की एपी?" आणि तिथून पुढे आमच्या घरात फोन हातोहात फिरायला लागतो.

ज्यांना हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगते. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे त्यात आणखी एक जेवण, बहुतेक रात्रीचं. एपी म्हणजे सगळंच: उठल्याउठल्या चहा, नाश्ता, दुपारचं जेवण, चार-साडेचारला चहा आणि भजी (याला तिकडे ‘हाय टी’ म्हणतात) आणि रात्रीचं जेवण. यातल्या ‘ए’चा अर्थ अमेरिकन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या हॉटेलांत खोलीच्या भाड्यातच जेवण धरलेलं असे. ठरल्या वेळेला जाऊन बसायचं आणि असेल ते खायचं. युरोपात खोलीचे पैसे वेगळे, जेवणाचे वेगळे. ती अमेरिकन रीत सातासमुद्रापलीकडून निघाली, नेरळचा घाट चढली, आणि आता आमच्या सासूबाईंची संकष्टी कशी पार पडायची हे तिच्यावर ठरतं.

माथेरानला हा प्रश्न जास्तच टोकदार होतो, कारण तिथली बरीचशी हॉटेलं पूर्वीपासून जेवणासकटच खोली देत आली आहेत. त्यामागे नुसता धंदा आहे असं मला वाटत नाही. आपली मोटार दस्तुरी नाक्यापाशी थांबते ती थांबतेच. भाजी, दूध, तांदळाची पोती, एवढंच काय, गॅसचे सिलिंडरसुद्धा तिथून पुढे घोड्याच्या पाठीवरून नाहीतर हातगाडीवरून जातात. जिथे कोथिंबिरीची जुडीसुद्धा घोड्यावर बसून येते, तिथल्या आचाऱ्याला उद्या दुपारी चाळीस पानं की ऐंशी हे आज माहीत असलेलं बरं. आयत्या वेळी आठ माणसं वाढली तर त्यांच्यापुरते टोमॅटो आणायला तो काही नेरळला उतरणार नाही. म्हणून तो आपले पैसे आधी घेतो आणि आपण आपली भूक आधी कबूल करतो.

तसं आगाऊ पैसे भरून जेवणं मराठी माणसाला नवं नाही. पुण्यात शिकायला राहिलेल्या कुणालाही विचारा. महिन्याच्या सुरुवातीला खानावळीत पैसे भरायचे, ‘एकवेळ’ की ‘दोन्ही वेळ’ ते सांगायचं, कार्डावर रोज खूण करून घ्यायची. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. महिनाभर रश्शात मटकी शोधणारी मुलं रविवारी मात्र आत्याने घरी जेवायला बोलावलं तरी जायची नाहीत, कारण श्रीखंड बुडतं. आणि गावी जाणार असलात तर खाडा. खाडा आधी सांगावा लागे, एखाद्या दिवसाचा धरत नसत, सलग तीन-चार दिवस तरी हवेत; त्यावरून खानावळीच्या काकूंशी जी घासाघीस चाले तिच्यात कित्येकांचं वाणिज्य शाखेचं शिक्षण वर्गाबाहेर पुरं झालं. पण खाडा मिळे तरी. हॉटेलच्या एपीत तो प्रकारच नाही. तुम्ही दुपारी डोकं दुखतं म्हणून खोलीत झोपून राहिलात, तुमच्या वाटचा फुलका भट्टीला मिळाला. रुपया परत नाही.

हिशेबाचं खातं आमच्याकडे नवऱ्याचं. त्याने लगेच तक्ता मांडला. समजा सीपीपेक्षा एपीला माणशी दिवसाला हजार रुपये जास्त पडतात. बाहेर जेवलो तर दुपारची थाळी साडेतीनशे, रात्री तेवढेच, मधे चहा-भजी शंभर. म्हणजे आठशे. माणशी दोनशेचा तोटा, असं म्हणून त्याने चश्मा काढला. पण मग मुलं आली. लहान मुलाचा दर अर्धा, अगदी लहान असेल तर काहीच नाही, मोठं झालं की पूर्ण. हे मोठं कधी होतं ते प्रत्येक हॉटेल आपापलं ठरवतं. आमचा धाकटा अर्ध्या दरात बसतो आणि दोन मोठ्या माणसांचं जेवतो. जाऊबाईंची मुलगी पूर्ण दरात बसते आणि दोन पुऱ्या, लोणचं आणि जिलबीवर उठते. दोघांची बेरीज करून तक्ता सम होतो म्हणावं, तर दीर म्हणाले की पाण्याच्या बाटल्या, सोडा, आइस्क्रीम यांचं बिल एपीतसुद्धा वेगळंच लागतं. आणि पॉइंटवर गेल्यावर लिंबू सरबत, भाजलेलं कणीस, काकडी, मॅगी हे होणारच. ते कुठल्या रकान्यात घालायचं? शेवटी नवऱ्याने ‘इतर’ असा रकाना केला आणि तो वाढत वाढत जेवणाच्या रकान्यापेक्षा मोठा झाला.

पैशाचं गणित असं दोन्हीकडून सारखंच फसवं निघतं. म्हणून मी ते मनावर घेत नाही. माझा अनुभव सांगतो की सहलीत जेवणाचा खरा खर्च हॉटेलात शिरण्याआधी होतो, रस्त्यावर उभं राहून. महाबळेश्वरची बाजारपेठ घ्या. रात्रीचे आठ वाजलेले, मुलांना झोप येतेय, एका हातात चपलांची पिशवी, दुसऱ्या हातात स्ट्रॉबेरी क्रीमचा चिकट डबा. "कुठे जेवायचं?" या प्रश्नाला आठही माणसांचं उत्तर एकच असतं: "कुठेही चालेल." त्यानंतर पहिलं हॉटेल पंजाबी आहे म्हणून नको, दुसऱ्यात गर्दी आहे म्हणून नको, तिसऱ्यात गर्दी नाही म्हणून नको. थोरल्याला चायनीज हवं असतं. सासूबाई म्हणतात, "माझं काही नाही रे, मला नुसता साधा वरणभात पुरे." चौदा पानी मेनूकार्डात सगळ्या जगाचे पदार्थ मिळतात, दाल फ्राय, दाल तडका, दाल मखनी मिळते, जिरा राइस मिळतो. साधं वरण आणि साधा भात तेवढा नसतो. तो मिळावा म्हणून बाजारपेठ वर एकदा आणि खाली एकदा चालून होते. मग ज्या हॉटेलवर पहिल्यांदा फुली मारली होती तिथेच जागा मिळण्यासाठी नाव लिहून बाहेर थांबतो.

आणि "कुठे जेवायचं" हा प्रश्न आठ जणांनी विचारला तरी उत्तर द्यायचं काम एकीवरच येतं. घरी रोज "आज काय करू?" असं विचारून "काहीही कर" हे उत्तर घेणारी जी बाई, तीच इथेही. सुट्टीत तिला भांडी घासायची नसतात, कणीक मळायची नसते, हे सगळे मोठ्या कौतुकाने सांगतात. पण कणीक मळण्यापेक्षा ठरवण्याचा शीण जास्त असतो. एपीत निदान पाटी लागलेली असते: आज दुपारी उंधियू, कढी, फुलके, मूगडाळीचा शिरा. कुणी ठरवलं? कुणीतरी ठरवलं. मी नाही. एवढ्या एका वाक्यासाठी माणशी दोनशे रुपये जास्त द्यायला माझी ना नाही, आणि हे मी तक्त्याच्या खाली पेन्सिलीने लिहूनही ठेवलं.

आधी पैसे देऊन मोकळं होण्यातही सुख असतंच. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या दोन अभ्यासकांनी 1998 साली छापलेल्या एका निबंधात लोकांना विचारलेला प्रश्न मला फार आवडतो. तुम्हाला वॉशिंग मशीन घ्यायचंय आणि तुम्हाला सुट्टीला जायचंय; दोन्हीची किंमत सारखी. हप्ते आधी भराल की नंतर? मशीनचे नंतर भरू, सुट्टीचे मात्र आधी भरून टाकू, असा बहुतेकांचा कल निघाला. मशीन वर्षानुवर्षं कपडे धूत राहतं, त्याचे पैसे देताना मनाला काही वाटत नाही. सुट्टी संपल्यावर तिचे हप्ते भरणं नको वाटतं, आणि पैसे आधीच गेलेले असले की मजा फुकटात चालल्यासारखी वाटते. थॉमस कुकने तर हे 1868 सालीच ओळखलं होतं. त्याने हॉटेलची कुपनं काढली. इंग्लंडमधून निघतानाच पैसे भरायचे आणि परमुलखात राहण्याजेवण्यासाठी कुपन फाडून द्यायचं. अनोळखी नाणी मोजत बसायला नको आणि वेटरसमोर बिलाकडे बघून चेहरा पाडायला नको. आमच्याकडे बिल आल्यावर चेहरा पाडण्याचं काम दीर करतात. ते पैसे देतात, वर टिपही देतात, पण बिल दोनदा वाचतात आणि दुसऱ्यांदा वाचताना "पापड चाळीस रुपये" एवढं मोठ्याने म्हणतात. ज्याने पापड मागवला त्याला तो पुढच्या जेवणापर्यंत पुरतो.

एपीत पापडाचा दर कळत नाही, हा तिचा गुण. पण दोषही तिथेच आहे. पैसे गेलेले असतात, म्हणून ते परत पोटावाटे आणायची जिद्द पेटते. रिचर्ड थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या 1980 च्या एका निबंधात पोटभर पिझ्झा खायच्या हॉटेलातला प्रयोग आहे. काही टेबलांवरच्या लोकांना आत गेल्यावर त्यांचे पैसे परत केले. ज्यांना परत मिळाले त्यांनी कमी खाल्लं, ज्यांचे गेले होते त्यांनी जास्त. प्रयोग परदेशातला, पण याची तपासणी करायला माथेरानच्या डायनिंग हॉलमध्ये सकाळी साडेनऊला उभं राहावं. एरवी ऑफिसला जाताना अर्ध्या पोळीवर निघणारी माणसं पोहे घेतात, त्यावर उपमा घेतात, इडली ‘बघू तरी’ म्हणून घेतात, ब्रेडला लोणी लावतात, आणि कॉर्नफ्लेक्सचं दूध संपलं म्हणून वाढप्याला हाक मारतात. एक काका मी पाहिले. त्यांनी ताटलीत तीन मेदूवडे घेतले, दोन खाल्ले, तिसऱ्याकडे बराच वेळ बघितलं, मग तो पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि बायकोच्या पर्सची चेन उघडली. काकूंनी काही न बोलता पर्स पुढे केली. त्या पर्समध्ये आधीच दोन केळी होती.

दुपारी एकला पुन्हा भूक लागायला हवी, हा दुसरा पेच. गुजराती पद्धतीची थाळी समोर येते, वाढपी तुपाची वाटी घेऊन पाठीशी उभा असतो, आणि सकाळचा उपमा अजून तिथेच असतो. चारला भजी. आठला पुन्हा जेवण. तीन दिवस हे झालं की माणसं पॉइंटवर दरी बघायला जातात आणि झाडाखाली बसकण मारतात.

वेळेचं वेगळंच. माथेरान पायी फिरायचं गाव. पॅनोरमा पॉइंट पार उत्तर टोकाला. तिथला सूर्योदय बघायचा तर अंधारात निघावं लागतं आणि परत येईतो नाश्त्याची वेळ टळू नये म्हणून शेवटचा टप्पा जवळपास धावत. लुइझा पॉइंटवर वारा छान लागत असतो आणि कुणीतरी घड्याळ बघून म्हणतं, "जेवण अडीचला बंद होतं." पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्त बघायला माणसं जमतात, आणि त्या मावळत्या उन्हातसुद्धा आमच्या नवऱ्याला बुडालेली भजी आठवतात. येतानाचंही तेच. नेरळहून 1907 साली सुरू झालेली ती छोटी गाडी 21 किलोमीटरला दोन तासांहून जास्त घेते, वळणावळणाने डुलत येते. तिच्यात बसल्यावर खरं तर बाहेर बघत राहावं. पण पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण आपल्या पैशात धरलेलं असलं की बोगद्यापेक्षा घड्याळाकडेच लक्ष जास्त.

आणि इतकं सगळं भरून झालेलं असताना पिशवी कुणी थांबवत नाही. चिवडा, चकल्या, मेथीचे लाडू, गूळपोळ्या, लसणीची चटणी. "अगं, पाच वेळचं खाणं आहे तिथे." "असू दे, वाटेत लागतं." वाट दोन तासांची. लाडू चाळीस.

कोकणात यातलं काहीच नसतं, असं दीर म्हणतात; दर वेळी म्हणतात. दापोलीकडे किंवा तारकर्लीला घरगुती राहायला गेलात तर मालकीणबाई पैसे आधी मागत नाहीत, माणसं आधी मागतात. आदल्या संध्याकाळी दारात येऊन उभ्या राहतात: "उद्या दुपारी जेवायला आहात? किती? मासे किती, शाकाहारी किती?" हर्णैसारख्या बंदरावर लिलावात काय येईल आणि काय भावाने जाईल हे त्यांनाही माहीत नसतं, मग तुम्हाला सुरमईचा दर महिनाभर आधी कसा सांगणार? जून-जुलैमध्ये तर यांत्रिक मासेमारीच बंद. उकडीचे मोदक हवे असतील तरी आदल्या दिवशी सांगायचं, कारण उकड काही बटण दाबून निघत नाही. ही पद्धत मला मनापासून पटते. पण ती चालते कारण त्या घरात पाच-सहा खोल्या असतात आणि बाई स्वतः चुलीपाशी असते. साठ खोल्यांच्या हॉटेलने असं दारोदार जाऊन विचारायचं म्हटलं तर शेवटच्या खोलीपर्यंत पोचेतो जेवणाची वेळ होईल. शिवाय घरगुती म्हटलं की त्यांचं दुःखही थोडं आपलं होतं. आपण दुपारी बाहेर जेवून आलो तर त्या काही बोलत नाहीत, पण रात्री सोलकढी वाढताना जरा गप्प असतात.

रेल्वेनेही हा प्रश्न आता आपल्यावर टाकलाय. वंदे भारतचं तिकीट काढतानाच विचारतात, जेवण हवं की नको. सासरे हयात असताना राजधानीला ‘नको’वर टिचकी मारायचे, घरची दशमी काढायचे, आणि शेजारच्याचं सूप आलं की त्याच्या ट्रेकडे इतक्या आस्थेने बघायचे की तो बिचारा ब्रेडस्टिक पुढे करी.

तर यंदा आम्ही मध्यम मार्ग काढला होता. नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात, दुपार मोकळी. नवऱ्याचा तक्ता जुळला, दीरांना एका वेळचा पापड मोजायला मिळाला, मुलांना मॅगी मिळाली, आणि मला दिवसातून एकदाच ठरवायचं होतं. मी फोन लावला. बुकिंगवाला सौजन्याने म्हणाला, "मॅडम, मे महिन्यात फक्त एपी. सीझनला दुसरं काही देतच नाही."

म्हणजे आठवडाभराची चर्चा, दोन तक्ते आणि माझी पेन्सिल, सगळं एका वाक्यात निकालात निघालं. मी फोन ठेवणार, एवढ्यात सासूबाईंनी हात पुढे केला.

"हे बघा, आम्ही येतोय त्यात संकष्टी आहे. दुपारी उपासाचं काय करता?"

"आदल्या दिवशी सांगून ठेवा आजी. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, भगर, सगळं देऊ."

"आणि रात्री? डायनिंग हॉल साडेनऊला बंद होतो असं सूनबाई म्हणते. चंद्रोदय दहाच्या पुढे आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. हा प्रश्न बहुधा त्याच्या कुठल्याच प्लॅनमध्ये बसत नव्हता.

"तुमचं ताट झाकून ठेवतो. चंद्र दिसला की खोलीतून नऊ नंबर लावा, मुलगा घेऊन येईल."

"वरणभात साधाच ठेवा."

"साधाच."

"बरं, आणि त्या दिवशी चारची भजी मला चालायची नाहीत. ती दुसऱ्या दिवशी धराल ना?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी दिरांकडे. पलीकडून जरा वेळाने उत्तर आलं.

"धरतो आजी. कांद्याची की बटाट्याची?"